समुद्रात 'वाया जाणारं' पाणी : नाशिकच्या वर्गात किनारपट्टीचा पाठ



'किनारी व सागरी भागातील पर्यावरणीय समस्या आणि त्यांचे व्यवस्थापन' या विषयावर मुलांना एक पानभर लिहायला सांगा. दहापैकी नऊ वह्यांत एकच उत्तर सापडेल. समस्या कोणत्या? प्लास्टिक, तेलगळती, सांडपाणी, अतिमासेमारी, कांदळवनांची तोड. उपाय कोणते? प्लास्टिक वापरू नये, झाडे लावावीत, जनजागृती करावी, कडक कायदे करावेत. उत्तर चुकीचं नाही, गुणही मिळतात. पण त्याच मुलाला विचारा, 'हे करायचं कोणी? त्याचा खर्च कोण देणार? आणि हे केल्यानं कोणाचं नुकसान होणार?' तिथे गाडी थांबते. व्यवस्थापन म्हणजे खरं तर याच तीन प्रश्नांची उत्तरं शोधणं.

आपल्या नाशिककर मुलांची आणखी एक अडचण असते. त्यांच्यासाठी समुद्र म्हणजे सहल. अलिबाग नाहीतर दिवेआगर, वाळूतला किल्ला, भेळ आणि ओले कपडे. 'आपल्याकडे कुठे समुद्र आहे, सर?' असं मूल सहज म्हणतं. महाराष्ट्राचे किनाऱ्यावरचे जिल्हे पालघर, ठाणे, मुंबई शहर, मुंबई उपनगर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. त्यात नाशिक नाही, हे बरोबर. तरीही हा पाठ नाशिकपासूनच सुरू करावा असं मला वाटतं. कसा, ते सांगतो.

बोट त्र्यंबकेश्वरवर ठेवा

भिंतीवरचा महाराष्ट्राचा प्राकृतिक नकाशा खाली उतरवून बाकावर पसरा. मुलांना बोट त्र्यंबकेश्वरवर ठेवायला सांगा. ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते, हे सगळ्यांना पाठ असतं. तिथून बोट पूर्वेकडे सरकवत न्यायचं : गंगापूर धरण, नाशिक, नांदूरमध्यमेश्वर, पैठणचं जायकवाडी, नांदेड, मग तेलंगण आणि शेवटी आंध्र प्रदेश. एकूण १४६५ किलोमीटर. राजमहेंद्रीच्या खाली नदीला फाटे फुटतात. त्यांपैकी एका फाट्याचं नाव आजही गौतमी आहे. आपल्या त्र्यंबकच्या गौतम ऋषींची कथा नदीबरोबर वाहत थेट बंगालच्या उपसागरापर्यंत गेली आहे, हे ऐकून मुलांचे डोळे चमकतात.

आता बोट परत त्र्यंबकवर आणा आणि पश्चिमेकडे न्या. याच डोंगररांगेत वैतरणा नदीचाही उगम आहे. ती सह्याद्री उतरून पालघर जिल्ह्यातून जाते आणि विरार-अर्नाळ्याच्या बाजूला अरबी समुद्राला मिळते. गोदावरीच्या तुलनेत जेमतेम दहावा हिस्सा लांबी. म्हणजे एकाच डोंगराच्या एका उतारावर पडलेला थेंब एका समुद्राकडे निघतो आणि दुसऱ्या उतारावरचा दुसऱ्या समुद्राकडे. दिंडोरी तालुक्यात उगम पावणारी दमणगंगा दमणला समुद्र गाठते. सुरगाणा-पेठच्या बाजूच्या नार आणि पार या नद्यांचं पाणी गुजरातच्या किनाऱ्याला जातं.

वैतरणेची गोष्ट तर आणखी मजेशीर आहे. इगतपुरी तालुक्यातलं ऊर्ध्व वैतरणा धरण, त्याच्या खाली मध्य वैतरणा आणि मोडकसागर, ही सगळी मुंबईला पिण्याचं पाणी देणारी धरणं. आपल्या डोंगरावर पडलेला पाऊस मुंबईच्या नळातून येतो. मग त्याचंच सांडपाणी होतं. त्यातला मोठा हिस्सा वरळी आणि वांद्रे इथल्या नळांतून, किनाऱ्यापासून साधारण साडेतीन किलोमीटर आत समुद्रात सोडला जातो. एक हिस्सा नाल्यांतून, मिठी नदीतून आणि खाड्यांतून थेट जातो. एक थेंब, दोन वाटा. मुलांना दोन्ही वाटा नकाशावर रंगवायला द्या. 'आपल्याकडे समुद्र नाही' हे वाक्य नंतर सहसा ऐकू येत नाही.

'वाया' हा शब्द तपासून बघू

आपल्या जिल्ह्यात एक वाक्य पारावर, सभेत, बातम्यांत सतत ऐकू येतं : 'पश्चिमेकडचं पाणी समुद्रात वाया जातं.' नार-पार-गिरणा नदीजोड प्रकल्पाच्या मुळाशी हेच वाक्य आहे. पश्चिमेकडे वाहणारं पाणी उचलून गिरणा खोऱ्यात आणायचं, म्हणजे नाशिक आणि जळगाव जिल्ह्यांतल्या कोरड्या भागाला सिंचन मिळेल. सुमारे ७०१५ कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला २०२४ मध्ये मान्यता मिळाली. ही मागणी पोकळ नाही. मालेगाव, नांदगाव, चांदवडकडच्या मुलांना टँकर काय असतो हे शिकवावं लागत नाही. आणि ज्यांच्या डोंगरांवरून हे पाणी उतरतं, त्या सुरगाणा-पेठच्या पाड्यांवरही उन्हाळ्यात बायकांना हंडे घेऊन फिरावं लागतं. पावसाळ्यात धो धो पाऊस आणि मे महिन्यात कोरडा झरा!

पण शिक्षक म्हणून आपण 'वाया' या शब्दापाशी थोडं थांबायला हवं. नदीचं पाणी समुद्राला मिळतं तेव्हा तिथे काय घडतं?

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. नदीच्या मुखाशी, म्हणजे खाडीत, गोडं पाणी येऊन हा खारेपणा कमी होतो. भरतीला वाढतो, ओहोटीला उतरतो, पावसाळ्यात अगदी घटतो. असं मचूळ पाणी अनेक जिवांचं बाळंतघर असतं. कोळंबीच्या कितीतरी जाती अंडी घालतात खोल समुद्रात, पण त्यांची पिल्लं भरतीबरोबर खाडीत येतात, तिथल्या गाळात आणि कांदळवनाच्या मुळांमध्ये वाढतात आणि मोठी झाल्यावर परत समुद्रात जातात. खेकडे, कालवं, बोय, जिताडा यांचंही खाडीशी असंच नातं आहे. कांदळवन म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणारी झाडं, कोकणात ज्यांना तिवर, चिप्पी, कांदळ अशी नावं आहेत. ती खारट पाण्यात तग धरतात हे खरं. पण गोडं पाणी आणि नदीने आणलेला ताजा गाळ मिळाला तरच ती जोमाने वाढतात. गोडं पाणी आटलं की खाडीचा खारेपणा वाढतो आणि तो किनाऱ्याजवळच्या विहिरींत, भातखाचरांतही शिरतो.

म्हणजे समुद्राला जाणारं पाणी रिकामं बसलेलं नसतं. कोणाच्या तरी ताटातली कोळंबी त्यावर वाढत असते.

माझं मत विचाराल तर पाणी वळवूच नये असं मी म्हणणार नाही. तहानलेल्या गावाला खाडीतल्या कोळंबीचं कौतुक सांगणं बरं दिसत नाही. पण किती पाणी उचललं तर खाली किती उरेल, खाडीतल्या मच्छीमाराचं काय होईल, हा रकाना हिशेबाच्या वहीत असायलाच हवा. 'वाया' म्हटलं की तो रकानाच गायब होतो.

रकाना नसला की काय होतं, ते आपल्याच गोदावरीच्या दुसऱ्या टोकाला दिसतं.

गाळाचा हिशेब

गोदावरीचा त्रिभुज प्रदेश हा नदीने हजारो वर्षं वाहून आणलेल्या गाळाचा बनलेला आहे. लाटा रोज थोडी माती खातात, नदी रोज थोडी माती आणते. आवक-जावक सारखी असली की किनारा जागेवर राहतो. आपल्या खिशासारखंच. राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरम इथे नदीतल्या गाळाच्या नोंदी ठेवल्या जातात. १९७० च्या दशकात वर्षाला सरासरी सुमारे १५ कोटी टन गाळ तिथून पुढे जात होता. १९९० च्या दशकात तो ६ कोटी टनांच्याही खाली आला. पाऊस काही तितका घटलेला नव्हता. वरच्या खोऱ्यात धरणं आणि बंधारे झाले, गाळ तिथे अडकला. त्रिभुज प्रदेशाचा किनारा काही ठिकाणी मागे सरकला आणि काकिनाडाजवळचं उप्पाडा गाव तर समुद्राने खाल्लेल्या रस्त्यांसाठी आणि घरांसाठी ओळखलं जातं.

यात कोणाला आरोपी करायचं? गंगापूर, जायकवाडी ही धरणं आपल्या शेतीची आणि नळांची गरज आहेत. धरणाशिवाय नाशिकची द्राक्षंही नाहीत. पण धरणात साचलेला गाळ इकडे आपली पाणीसाठवण कमी करतो आणि तोच गाळ तिकडे नसल्यामुळे किनारा खचतो, हे एकाच पाठात शिकवता आलं तर मुलांना 'नदीखोरं' हा शब्द खऱ्या अर्थानं कळेल.

जाता जाता एका माशाची गोष्ट. हिलसा हा मासा समुद्रात राहतो आणि अंडी घालायला पुराच्या पाण्यात नदीत वर चढतो. गोदावरीत वर आलेल्या हिलशाला आंध्रात 'पुलसा' म्हणतात आणि पावसाळ्यात तो सोन्याच्या भावाने विकला जातो. त्याची वर जायची वाट धवळेश्वरमच्या बंधाऱ्यापाशी संपते. हा बंधारा सर आर्थर कॉटन यांनी १९ व्या शतकाच्या मध्याला बांधला. त्यामुळे गोदावरीचा त्रिभुज प्रदेश भाताचं कोठार झाला, हेही मुलांना सांगायला हवं. एका बाजूने भात, दुसऱ्या बाजूने मासा.

कचरा खाली वाहतो

इथे एक गैरसमज दूर करू. 'रामकुंडात टाकलेली पिशवी बंगालच्या उपसागरात जाते' असं आपण मुलांना भारून सांगतो. वाटेत इतकी धरणं आणि बंधारे आहेत की ती पिशवी तिथवर सुखरूप पोहोचण्याची शक्यता कमीच. ती बहुधा नांदूरमध्यमेश्वरच्या किंवा जायकवाडीच्या पाण्यात अडकेल. नांदूरमध्यमेश्वर हे २०२० मध्ये जाहीर झालेलं महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, तेव्हा तिथे अडकणं ही काही आनंदाची गोष्ट नाही. पण पाण्यात विरघळलेल्या गोष्टींना बंधारा पिशवीसारखा अडवत नाही. सांडपाण्यातला नत्र-स्फुरद, डिटर्जंट, शेतातलं खत. उन्हाळ्यात गोदापात्रावर पानवेलींचा हिरवा गालिचा पसरतो ना, ती या खताचीच पावती. गोदावरीच्या प्रदूषणाबाबत २०१२ पासून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका लढली गेली, हे आपल्याला ठाऊक आहे.

पश्चिमेकडे मात्र अंतर कमी आणि उतार मोठा. दमणगंगेच्या काठी वापीची औद्योगिक वसाहत आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची क्रमवारी लावली, तेव्हा वापी दुसऱ्या क्रमांकावर होतं, अंकलेश्वरच्या पाठोपाठ. डोंगरात काचेसारखी दिसणारी दमणगंगा समुद्राला कशी भेटते, याचा अंदाज त्यावरून करता येईल.

कचऱ्याबाबत सर्वांत चांगलं उदाहरण मुंबईच्या वर्सोव्याचं आहे. अफरोझ शाह या वकिलाने २०१५ मध्ये तिथला किनारा साफ करायला सुरुवात केली. आधी एक-दोघं, मग आठवड्याच्या सुट्टीला शेकडो माणसं. संयुक्त राष्ट्रांनी २०१६ मध्ये त्यांचा गौरव केला. हा भाग आपण मुलांना सांगतोच. पुढचा भाग जास्त शिकवण्यासारखा आहे. दर पावसाळ्यात भरती नवा कचरा आणून टाकायची. मग हे लोक किनाऱ्यावरून वर सरकले, मिठी नदीवर गेले, काठच्या वस्त्यांत कचरा वेगळा करायचं काम सुरू केलं. किनाऱ्यावरचा कचरा हा किनाऱ्यावर तयार होत नाही, हे त्यांना झाडून झाडून कळलं. महाराष्ट्रात मार्च २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे. आपल्या भाजीबाजारात तिचं काय झालं ते मी सांगायची गरज नाही.

नियम कोणासाठी, किंमत कोणाला

आता 'कडक कायदे करावेत' या वाक्याकडे येऊ. कायदे आहेत. केंद्र सरकारने १९९१ मध्ये पर्यावरण संरक्षण कायद्याखाली किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची अधिसूचना काढली. मोठ्या भरतीचं पाणी जिथवर येतं ती भरतीरेषा धरायची आणि तिच्यापासून ५०० मीटरपर्यंतच्या जमिनीवर बांधकामाला बंधनं घालायची, ही तिची साधी कल्पना. नंतर २०११ आणि २०१९ मध्ये ती बदलली. २०१९ च्या बदलाने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर बांधकामाला पूर्ण मनाई असलेला पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला. याला कोणी सूट म्हणतं, कोणी पळवाट. कोळीवाड्यातल्या माणसाला आपल्या आजोबांच्या घराला मजला चढवायचा असतो आणि त्याच सवलतीत हॉटेलवालाही शिरतो. दोघांना एकाच मापाने मोजायचं की वेगळ्या, यावर वर्गात छान वाद होऊ शकतो.

कांदळवनांच्या बाबतीत महाराष्ट्राची कामगिरी बरी म्हणावी अशी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये कांदळवनं तोडायला आणि त्यांत भराव टाकायला मनाई केली. २०१२ मध्ये वन विभागात खास कांदळवन कक्ष सुरू झाला. असा कक्ष काढणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य. २०२० मध्ये पांढरी चिप्पी हे राज्य कांदळवृक्ष म्हणून जाहीर झालं. २०२१ च्या वन सर्वेक्षण अहवालात राज्यातलं कांदळवन ३२४ चौरस किलोमीटर नोंदलं आहे.

मला यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग वेगळाच वाटतो. खाडीकाठच्या माणसाला 'झाड तोडू नकोस' एवढंच सांगून भागत नाही, कारण चुलीला सरपण त्यालाच लागतं. म्हणून सरकारने कांदळवनाच्या काठी खेकडेपालन, कालवंपालन, पर्यटन असे उद्योग गावच्या गटांना उभे करून द्यायची योजना आणली. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला स्वतः होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवतात. झाड उभं राहण्यात त्यांच्या घरची मिळकत आहे. असं झाड सहसा तुटत नाही.

हाच धागा धरून आणखी दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघा. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं. तिथे प्रवाळ आहेत, सागरी जीवसृष्टी श्रीमंत आहे, हेतू उत्तम. पण मासेमारीवर गदा येईल या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी पहिल्यापासून विरोध केला आणि अभयारण्य बरंचसं कागदावर राहिलं. दुसरी गोष्ट रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासची. तिथल्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, एका घरट्यात शंभराच्या आसपास. पूर्वी ती अंडी लोक उकरून खायचे, विकायचे. कुत्री-कोल्हेही टपलेले असायचे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. अंडी कुंपणाच्या आत हलवायची, पन्नासेक दिवसांनी पिल्लं बाहेर आली की समुद्रात सोडायची. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पुण्या-मुंबईचे लोक पिल्लं बघायला येऊ लागले, गावातल्या घरांमध्ये राहू-जेवू लागले. कासव वाचलं आणि गावात चार पैसेही आले. आता कोकणातली कितीतरी गावं हे काम करतात. आणि एक अलीकडची बातमी : ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये क्रमांकाची पट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. बंगालच्या उपसागरातून अरबी समुद्रात! तिच्या दृष्टीने दोन समुद्र वेगळे नव्हतेच.

जाळ्यांचंही असंच आहे. मच्छीमाराच्या जाळ्यात कधी कासव, कधी व्हेल शार्क अडकतो. त्याला सोडवायचं तर जाळं कापावं लागतं आणि जाळं हजारो रुपयांचं. 'वन्यजीव कायद्याने संरक्षित प्राणी आहे, सोड' एवढं म्हटलं तर भर समुद्रात बघायला कोण येणार? राज्य सरकारने २०१८ च्या अखेरीस ठरवलं की संरक्षित प्राणी सोडताना कापलेल्या जाळ्याची २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यायची. मच्छीमाराने तसं चित्रीकरण दाखवायचं. तेव्हापासून मच्छीमारांनीच मोठ्या संख्येने प्राणी सोडले आहेत. दंडाने जे झालं नसतं ते भरपाईने झालं.

पावसाळी बंदी तर कायद्याच्याही आधीची. कोळी बांधव नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन होड्या पाण्यात लोटतात, त्याआधीचे महिने समुद्र खवळलेला आणि अनेक माशांचा अंडी घालण्याचा काळ. आज पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. या दोन महिन्यांत बोटमालक तग धरतो, खलाशाची मजुरी मात्र बुडते. नियम चांगला असला तरी त्याची किंमत कोणाच्या खिशातून जाते, हे मुलांना दिसलं पाहिजे. आणि पारंपरिक मच्छीमार नियम पाळत असताना पर्ससीन जाळी आणि एलईडी दिवे लावून कोणी थव्याच्या थवे उचलत असेल, तर त्याचा राग का येतो तेही. एलईडी मासेमारीवर २०१७ पासून बंदी आहे. राज्याने २०२१ मध्ये दंड लाखांत नेले.

तेलगळतीवर फार वेळ घालवू नका, पुस्तकात ती भरपूर असते. एक उदाहरण पुरे : ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया ही दोन जहाजं धडकली, शेकडो टन तेल सांडलं, कंटेनर वाहून गेले. तटरक्षक दल कामाला लागलं, पण तेल कांदळवनाच्या मुळांत शिरलं की ते पुसून काढायची सोय नसते.

न सुटलेलं गणित : वाढवण

उदाहरणं सगळी सुटलेलीच दिली तर मुलांना वाटतं, मोठ्यांनी सगळं ठरवून टाकलं आहे. म्हणून एक चालू प्रश्न वर्गात आणा. पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ वाढवण इथे मोठं बंदर होत आहे. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तिथे खास प्राधिकरण नेमलं गेलं. त्या प्राधिकरणाने १९९८ मध्ये बंदराला नकार दिला होता. २०२३ मध्ये परवानगी दिली. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटींच्या प्रकल्पाला मंजुरी दिली, ३० ऑगस्ट २०२४ रोजी भूमिपूजन झालं. समुद्रात सुमारे १४४८ हेक्टर भराव होणार आहे. सरकार म्हणतं, देशाला खोल पाण्याचं बंदर हवं, लाखो रोजगार येतील. मच्छीमार म्हणतात, हेच आमचं मासेमारीचं क्षेत्र आहे, डायमेकर आणि बागायतदारही धास्तावले आहेत. इथे नाशिकचाही संबंध आहे : आपला कांदा आणि द्राक्षं बंदरातूनच परदेशी जातात. वर्गाचे चार गट करा : मच्छीमार, निर्यातदार शेतकरी, नोकरी शोधणारा तरुण, वन अधिकारी. प्रत्येकाने आपली बाजू मांडायची आणि मग प्रत्येकाने सांगायचं की आपण काय सोडायला तयार आहोत. दुसरा भाग अवघड जातो, पण तो वगळू नका. शिक्षकाने स्वतःचं मत शेवटपर्यंत राखून ठेवलेलं बरं.

घरी आणि वर्गात करून बघण्यासारखं

लहान वर्गांसाठी : काचेच्या उंच पेल्यात मिठाचं पाणी घ्या. दुसऱ्या भांड्यात साध्या पाण्यात शाईचे चार थेंब टाका आणि ते चमच्याच्या पाठीवरून हळूच मिठाच्या पाण्यावर सोडा. गोडं रंगीत पाणी वर तरंगत राहतं. खाडीच्या मुखाशी पावसाळ्यात हेच होतं. मग पेला हलवा. ही भरतीची लाट.

सातवी-आठवीसाठी : पारदर्शक बाटलीत गोदाकाठची माती आणि पाणी घालून हलवा आणि ठेवून द्या. किती वेळात काय खाली बसलं याची नोंद घ्या. धरणात गाळ का अडकतो, हे समजावायला यापेक्षा सोपं काही मला सापडलेलं नाही.

नववी-दहावीसाठी : सिंहस्थ आता जवळ आला आहे. २०२७ मध्ये रामकुंडावर लाखो लोक येतील. घाटावर काय काय पाण्यात जाईल याची यादी करायची आणि प्रत्येक वस्तूपुढे तीन रकाने : बंधाऱ्यात अडकेल, विरघळून पुढे जाईल, सडून जाईल. चौथा रकाना : हे थांबवायचं तर खर्च कोणाला?

आणि मासे खाणाऱ्या घरांतल्या पालकांसाठी एक. पापलेट हा २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे. पिल्लं वाढण्याआधीच पकडली जातात, म्हणून सातपाटीच्या मच्छीमारांनीच तशी मागणी लावून धरली होती. राज्याने अनेक माशांची किमान लांबी ठरवून दिली आहे. पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर, बांगड्यासाठी ११० आणि सुरमईसाठी ३७०. मुलाच्या दप्तरातली पट्टी १५ सेंटीमीटरची असते. रविवारी बाजारात जाताना ती खिशात टाका, मुलाला बरोबर न्या आणि टोपलीतल्या सगळ्यात लहान पापलेटच्या शेजारी ठेवून बघा. मासेवाल्या मावशी आधी हसतील. मग त्याच सांगतील, पूर्वी केवढे यायचे ते.